पुष्पाताईची अरामी

नागपूर, ता. ९ जानेवारी १९७४

ती. पुष्पाताईस शरच्चंद्राचा सप्रेम सलाम वि. वि.

अरामी भाषेच्या स्वाध्यायाची तुझी उत्तरं पोचली. नेहमीप्रमाणे माझ्या अक्षरात उतरवून दिली आणि फसलो. बायबलातल्या भट्टीत टाकलेल्या तीन पुरुषांच्या उताऱ्यात ‘तलात’चं, म्हणजे तीनचं, ‘तलाता’ होतं, हे वर्गात माझं एकट्याचंच बरोबर आलं. अरामीत तीनपासून दहापर्यंतचे आकडे पुरुषांच्या पंगतीत बसताना लुगडं नेसतात, हा तुझा खुलासाही मी बेधडक सांगितला. मार्तंड सर हसले, आणि पुढे मला इथेच अरामी शिकवायला ठेवायचं ठरवून मोकळे झाले.

ताई, मी गुदमरतोय. लहानपणी तापात बाबांनी मला देवाला वाहिलं, म्हणून पाळक व्हायला या सेमिनरीत आलो. माझा जीव आपल्या संत्र्याच्या बागेत आहे. शेवटचा स्वाध्याय सोबत पाठवतो. बरोबर दिला तर जन्माचा अडकतो, स्वतः लिहिला तर आजवरची नक्कल उघडी पडते. इकडे आड, तिकडे विहीर. बाबांना कळू देऊ नकोस. लोभ आटू देऊ नये.

तुझा,
शरद

नरखेड, ता. १४ जानेवारी १९७४

चि. शरदास अनेक आशीर्वाद.

तुला आड आणि विहीर दोन्ही आहेत. मला नुसती चूल. सुट्टीत तू झोपा काढायचास तेव्हा तुझं पुस्तक मी वाचलं, त्यावरच माझे दिवस निघतात. भाकरी थापताना आकडे म्हणते, तर बाबा विचारतात की काहून पुटपुटून राहिली वं. काल त्यांना सगळं सांगून टाकलं. आधी तापले. मग म्हणाले, की त्याले वाहिलं, पण तुले काय पाह्यजे हे मी कधी इचारलंच नाही वं. मला रडू आवरेना.

उत्तरं सोबत आहेत, सगळी बरोबर. वर माझं नाव घातलं आहे. उतरवू नकोस, हाच कागद सरांना दे. रागावले तर घर आहे. मायेत अंतर नाही.

तुझी ताई,
पुष्पलता

नागपूर, ता. १९ जानेवारी १९७४

ती. ताईस सप्रेम सलाम.

कागद दिला. सरांनी मला ट्रंक भरायला सांगितलं, आणि दारापर्यंत येऊन विचारलं की ही पुष्पलता इथे शिकायला कधी येऊ शकेल.

सोमवारी सकाळच्या एसटीनं येतो. तीच गाडी नागपूरला परत फिरते. तू भात चुलीवर ठेवून निघ. उतरवायला मी आहे.

तुझाच,
शरद