हेच विद्यापीठ का, याचं एक पान

१२ फेब्रुवारी २००७
फॉर्म आला. मंगेशदादाने नागपूरहून पाठवला. काकांचा मुलगा, बाहेरदेशी मुलं पाठवणाऱ्या ऑफिसात काम करतो. विद्यापीठ इंग्लंडचं, पण आहे चीनमध्ये, तिथल्या एका संस्थेशी भागीदारीत काढलेलं. पदवीवर नाव इंग्लंडचंच येतं म्हणे. पर्यावरणात एम.एस्सी. बाकी रकाने भरले. सोबत एक कागद जोडायचा, स्वतःच्या अक्षरात: हेच विद्यापीठ का?
आईचं एकच. "तिकडे भाजी कायची भेटते वं?"

१५ फेब्रु.
मं.दा.चा फोन. "एवढा इचार काऊन करून राह्यली? तयार निबंध पाठवतो, उतरवून काढजो. मागच्या साली चार पोट्ट्यांनी तोच लिहिला. चारही गेले."

१८ फेब्रु.
निबंध आला. जागतिक दर्जा, दोन संस्कृतींची ओळख वगैरे. छान आहे. उतरवला. एकाही जागी खाडाखोड नाही.
सांजेला वाचावा लागलाच. घरात जे लिहायचं ते दिवेलागणीला मोठ्याने वाचायचं. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. वडनेरला आमच्या खादीच्या दुकानात बाबांनीच शिकवलं, आणि मुख्य धडा हाच: दिवसाचं एक पान लिही, सगळ्यांसमोर वाच. मी बी.एस्सी. झाले तरी चालूच आहे. बाबाही स्वतःचं वाचतात. आई लिहीत नाही, ऐकते.
(ही वही त्यातली नाही. ही शिलाई मशीनच्या खणात, कापडाखाली असते. कुणाला ठाऊक नाही.)
बाबांनी चष्मा काढला. "इंग्रजी चांगलं हाय. पण तू कुठी हायेस याच्यात?"
कागद फाडला. मीच.

२० फेब्रु.
मग खरं कारण काय? दोन दिवस तेच. भात लागला. आई म्हणाली, "चीनमधे तुले कोण स्वयंपाकाले ठेवते."
यवतमाळची पल्लवी गेल्या वर्षी तिथेच गेली. मं.दा.कडून पत्ता घेतला. हिंगणघाटला जाऊन नेट कॅफेतून मेल केला: तू का गेलीस?

२४ फेब्रु.
पुन्हा हिंगणघाट. पल्लवीचं उत्तर आलेलं. तसंच उतरवून आणलं:
"इंग्लंडचा व्हिसा दोनदा नाई म्हणाला. इथं शिकवायले तिकडचेच लोक येतात, परीक्षा तीच. सांगायले इंग्लंड, राहायले चीन. आमच्या मामीले अजून वाटते मी लंडनले हाय. वर्गात नायजेरियाची एक आहे, ती म्हणते तिचा बाप परक्या देशाले भीत नाई, इंग्लंडच्या थंडीले भेते. सगळ्यांची कारणं अशीच आहेत. अन् खरं सांगू? पहिल्या रविवारी मी बारा वाजेपर्यंत झोपली. कोणीच विचारलं नाई, काऊन झोपली म्हणून."
शेवटचं वाक्य चारदा वाचलं. कॅफेवाला म्हणाला, "ताई, टाइम झाला."

२७ फेब्रु.
लिहिलं. जे खरं तेवढंच. इंग्लंडला एकटी जायचं धाडस नाही. पदवी तिकडची आणि पाय आशियातच, हे घरच्यांना झेपेल. आमच्याकडचं कुणी चीनला गेलेलं नाही, त्यामुळे भीती घालणारेही कमी. नदीच्या पाण्याचा अभ्यास करायचा आहे आणि तिथे प्रयोगशाळा आहे.
इथवर ठीक.
मग शेवटची ओळ: दोन वर्षं मला अशा जागी राहायचं आहे, जिथे संध्याकाळी माझं पान कुणी ऐकणार नाही.
खोडली नाही. खोडली असती तर बाकीचं सगळं खरं असूनही कागद खोटा झाला असता, असं वाटलं. आणि ठेवली तर बाबा.
त्यांनी माझ्यावर कधी हातही उगारला नाही. काय कमी केलं त्यांनी?

१ मार्च
सांजेला वाचलं. इंग्रजीतून, मग आईसाठी मराठीतून. प्रयोगशाळेपर्यंत. तिथे थांबले.
बाबा म्हणाले, "झालं?"
"झालं."
आयुष्यात पहिल्यांदा पान अर्धवट वाचलं. जेवण गेलं नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला.

२ मार्च
बाबा सकाळच्या एस.टी.ने हिंगणघाटला गेले. मार्कशीटच्या झेरॉक्स तिथेच काढून आत घालायच्या, मग रजिस्टर करायचं. म्हणून पाकीट उघडंच दिलं. मीच दिलं. "मी जातो, तुले ताप वाटते," म्हणाले. नाही म्हणायचं कारण सुचलं नाही.
दिवसभर दुकानात बसले. एका बाईला सतरंजीऐवजी टॉवेल बांधून दिला. ती परत आली, हसत.
बाबा चारला आले. पावती माझ्या हातात ठेवली. "पोचते म्हणे पंधरा दिवसांत." पाणी प्यायले. पाकिटाबद्दल आणखी काही नाही. तोंडाकडे पाहायचं टाळलं मी, की त्यांनी, कळलं नाही.
दिवेलागणीला आधी माझं. चार ओळी, टॉवेलाच्या. आई हसली. मग बाबांनी वही उघडली.
"आज हिंगणघाटले गेलतो. पोरीचा कागद पोस्टात टाकला. येताना गाडीत जागा भेटली."
बाबा थांबले. मी समोर बसते, वही उलटी दिसते, पण दिसते. खाली अर्धं पान भरलेलं होतं.
बाबांनी वही मिटली. "झालं," म्हणाले.
आई माझ्याकडे पाहत होती.