चौथा खून

सर, परवा तुमची नात ओरोसहून माझ्याकडे कसालला आली. तुम्ही मराठीत आणलेल्या बंगाली रहस्यकादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे, तिला प्रस्तावना द्या म्हणाली. "आजोबा तुमच्या अक्षराचं फार कौतुक करायचे." प्रस्तावना लिहायला बसले आणि हे लिहावं लागलं. तुम्ही जिवंत असताना बोलायला हवं होतं, हे मला कळतं. ते तुम्ही मला शिकवू नका.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी रोज दुपारी मी वेंगुर्ल्याला तुमच्या पडवीत बसायचे. तुम्ही बंगाली पुस्तक उघडं धरून मराठीत सांगायचात, मी लिहायचे. काकू आतून चहा आणून ठेवायच्या. "घे गो, गरम आसा तवसर. ह्येंचे खून खंय पळान जातत?" नदीकाठचं गाव, एकामागून एक चार खून. तिघे शाळेच्या कमिटीवरचे आणि चौथा नावाडी, कारण त्याने मारेकऱ्याला पाहिलं होतं. नावाड्याचं प्रेत अलीकडच्या काठाला, त्याची होडी पलीकडच्या. म्हणजे ती दुसऱ्याच कुणीतरी वल्हवत नेली. एवढ्या एका गोष्टीवरून मारेकरी सापडतो, आणि तो निघतो शाळेचा मुख्याध्यापक. तुम्ही ते सांगितलंत तेव्हा माझा हात लिहायचा थांबला होता.

आठ दिवसांनी तुम्ही म्हणालात, शेवटची दोन प्रकरणं पुन्हा घे. आता नावाडीच खुनी. तिघांना मारून शेवटी पश्चात्तापाने त्याने जीव दिला. "शिक्षक खुनी दाखवला तर उद्या वर्गात पोरं माझ्याकडे कशी बघतील?" मी म्हटलं, पण मुळात तसं नाही. "तुला बंगाली येतं का?" येत नव्हतं. जुनी पानं बंबात घाल म्हणालात. मी ती पिशवीत घातली आणि घरी नेली. मारल्या गेलेल्या माणसालाच तुम्ही खुनी केलंत, आणि छापील पुस्तकावर 'भाषांतर' म्हणून स्वतःचं नाव घातलंत.

मग दर रविवारी दुपारी वाचनालयात तुम्ही एकेक प्रकरण वाचून दाखवायचात. खाडीवरचा होडीवाला दाराशी उकिडवा बसून ऐकायचा. पलीकडची माणसं हाका मारून थकायची. शेवटच्या रविवारी तुम्ही पुस्तक मिटता आणि तो उभा राहतो. "मास्तरानु, तो हंय मेलो, मगे होडी पलतडी कोणी नेल्यान?" तुम्ही पानं चाळता. शेवट बदललात, पण होडी अलीकडे आणायला तुम्ही विसरला होतात. मागून कुणीतरी म्हणतं, "आता तुझ्या होडयेत कोण बसतलो रे?" सगळे हसतात. तेवढ्यात तुम्हाला उत्तर सापडतं. "तू वल्हव. वाचायचं आम्ही बघतो." पुन्हा हशा. त्यानंतर तो वाचनालयाची पायरी चढला नाही. पुढे मी शाळेत शिकवायला लागले तेव्हाही पोरं त्याच्याच होडीत बसून त्याला 'खुनी' म्हणायची. त्या खोलीत पुस्तक कळलेला माणूस तेवढा एक होता.

नातीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, घरात हे कोणाला आवडणार नाही." मी म्हटलं, खरा शेवट छापणार असशील तर प्रस्तावना देते, नाहीतर चहा घे आणि जा. तिने चहा घेतला. मग म्हणाली, "द्या पानं."

हे पत्र तिला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. होडीची चूक मला मुद्रितं तपासतानाच दिसली होती. बोलले नाही. शाळेतल्या नोकरीसाठी तुमची शिफारस हवी होती. कुणाला तरी कळेल म्हणून ती चूक तशीच राहू दिली, अशी मी नंतर मनाची समजूत घालत असे. ज्याला कळली त्याला सगळे हसले तेव्हा मीही हसले.

मूळ शेवटाची बावीस पानं, माझ्या अक्षरात, पाठपोट लिहिलेली, आज दुपारी कसालच्या स्टँडवर तुमच्या नातीच्या हातात दिली. तिने मोजून घेतली. पोच लिहून घेतली आहे.