कळसूबाईच्या माथ्यावरची दुसरी पाटी

मृत्युपत्र करून ठेवणार: श्रीमती वेणूबाई चिंतामणी दळवी, वय सदुसष्ट, राहणार खरवई, बदलापूर. धंदा: जेवणाचे डबे करणे. वकीलसाहेबांनी इथे 'घरकाम' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं.

कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवते की, प्रकृती उतरणीला लागली असली तरी माझं डोकं जागेवर आहे. खाली सही करणाऱ्या डॉक्टरांनी आज तपासलं आहे. कुणी धाक घातलेला नाही. घालणारं आता कुणी उरलंही नाही.

कलम १. एमआयडीसीतल्या पाळीवाल्यांचे डबे माझ्याबरोबर करणारी रखमा, हिला दोन्ही स्टोव्ह, मोठी पातेली आणि परात. माझ्या मरणाची वाट न बघता तिने ती या आठवड्यातच न्यावीत.

कलम २. मुलगा शशिकांत यास वडिलांचं घड्याळ आणि पोस्टातली ठेव. पोरगा वाईट नाही. काकांसमोर तोंड उघडत नाही, हे मात्र वडिलांवर गेलंय.

कलम ३. १९८४ साली आमच्या यजमानांच्या कारखान्यातल्या गिर्यारोहण मंडळाने कळसूबाईच्या माथ्यावर इतिहास सांगणारा दगड बसवला. मजकूर माझे धाकटे दीर शरदचंद्र यांचा. ते तिथेच ऑफिसर. उंची, साल, मंडळाचं नाव, आणि खाली 'कळसू नावाची मुलगी रुसून या डोंगरावर येऊन राहिली'.

डोंगराखालची माणसं सांगतात ते असं. कळसू पाटलाघरी कामाला राहिली ती अट घालूनच, की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. पाटील हो म्हणाला. एक दिवस पाहुणे आले आणि तिच्यापुढे भांड्यांचा ढीग टाकला. ती उठली आणि डोंगर चढून गेली. याला रुसणं म्हणत नाहीत.

मी तिथेच, वाऱ्यात पदर सावरत म्हटलं, "भावजी, रुसून नाही लिहायचं." ते म्हणाले, "वहिनी, दगड कोरून झाला. तुम्ही पोह्यांचं बघा, मंडळी भुकेली आहेत." सगळे हसले, आमचे हेसुद्धा. पोहे शिड्या चढून मीच वर नेले होते. मग उतरताना विहिरीवर पातेलं आणि बशाही मीच घासल्या, मातीने. मला त्या दिवशी फार लागलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

उल्हासनगरच्या नावं कोरणाऱ्याकडून मी पितळी पाटी करून घेतली आहे. ती कपाटात लुगड्यांखाली आहे. 'कळसू रुसली नव्हती. तिला दिलेला शब्द मोडला होता.' ही पाटी त्या दगडाशेजारी शरदचंद्र यांनी स्वतः जाऊन बसवावी. गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे. हळू चढावं.

कलम ४. खरवईचा हा फ्लॅट मी डब्यांच्या कमाईतून घेतला. तो सून उमा हिला. लग्नाच्या बैठकीत या मुलीने सर्वांदेखत सांगितलं होतं, की आनंदनगर एमआयडीसीतली नोकरी सोडणार नाही. भावजींनीच मान डोलावून सुपारी फोडली. आता अंबरनाथला भावजींच्या एकत्र घरात तिला रोज ऐकावं लागतं, नोकरी पुरे, घराकडे बघ. गेल्या महिन्यात ती माझ्या ओट्याला टेकून म्हणाली, "आई, मी राजीनामा लिहून ठेवलाय." तो कागद मी स्टोव्ह पेटवायला घेतला.

वकील म्हणाले, उमाने शशिकांतला सांभाळावं अशी अट घालू. मी नको म्हटलं. अट मोडता येते, हे मी बघितलंय. घर तिचं, बिनशर्त. शशिकांतला राहायचं असेल तर त्याने तिला विचारून राहावं.

साक्षीला शरदचंद्र यांनाच बोलावलं, कारण यात त्यांना काही मिळत नाही, फक्त काम मिळतं. त्यांनी सगळं वाचलं. कलम तीन परत वाचलं. मग म्हणाले, "वहिनी, पाटी तुम्ही असतानाच बसवू. तुम्ही पायथ्याशी थांबा."

"आणि उमाची नोकरी?" मी विचारलं.

"सुपारी मीच फोडली होती," एवढं म्हणून त्यांनी पेन मागितलं.

म्हणून कलम तीनमध्ये एक ओळ वाढवते. वर पोहे न्यायचे तर खुशाल न्यावेत. भांडी ज्याची त्याने घासावीत.

सही: वेणूबाई चिंतामणी दळवी

साक्षीदार: १. डॉ. मीनल भोपी
२. शरदचंद्र दळवी (सर्व वाचले. पाटी मी नेईन.)

बदलापूर, ९ डिसेंबर १९९५