शार्दूलविक्रीडित आणि पाच नंबरचे बूट

३ जानेवारी, शनिवार. सकाळी ७.१०
फ्रिजवर चुंबकाखाली कागद. 'फ्लामेंको (स्पॅनिश) नृत्यवर्ग. फक्त नवशिक्यांसाठी. दर शनिवारी संध्याकाळी पाच. बारा आठवडे. एकच जागा शिल्लक.' शेवटच्या वाक्याखाली लाल पेनानं दोन रेघा.
बायको तोंडानं कधी काही सांगत नाही, फ्रिजवर लावते. मागच्या वर्षी माझा साखरेचा रिपोर्ट तिथंच लागला होता. इशारा समजला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्यात एक कलावंत दडलाय हे बाईसाहेबांनी अखेर मान्य केलं.
७.४५. फोन केला. जागा माझी.
ती अंघोळीहून येऊन चहा गाळत होती, तेव्हा सांगितलं. हातात चहाचं गाळणं तसंच धरून उभी राहिली. कुणाच्या नावावर घेतली, म्हणाली. म्हटलं, माझ्याच की. म्हणाली, बरं.
आनंदानं माणसाचे शब्द कमी होतात.

त्याच दिवशी. दुपारी
चप्पल शोधताना पलंगाखाली खोकं सापडलं. आत कोरे काळे बूट, पट्ट्याचे, टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले. मला न सांगता आणून ठेवलेत! पण पाच नंबर. माझा पाय नऊ नंबरचा. सव्वीस वर्षांत हिला नवऱ्याच्या पायाचं माप कळू नये? तिला ओशाळं वाटू नये म्हणून खोकं होतं तसं ठेवून दिलं. मनाचा मोठेपणा असावा लागतो.

१० जानेवारी, शनिवार. रात्री ८
पहिला वर्ग. गॅरेजच्या वरचा हॉल. लाकडी फळ्यांची जमीन, एका भिंतीला आरसा. आम्ही बाराजण. पैकी अकरा बायका.
नृत्यशिक्षिका साठीच्या. ताठ. त्यांना वाकलेलं त्यांच्या आईनंही पाहिलं नसावं. सांगितलं की हा बारा ठोक्यांचा खेळ आहे. जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर द्यायचा, आणि कडवं बंद करताना सगळ्यांनी दहावर थांबायचं.
ऐकलं आणि अंगावर काटा आला. हे तर आपलं शार्दूलविक्रीडित! एकोणीस अक्षरांचं वृत्त, बाराव्या अक्षरावर थांबा. जड अक्षरं कुठं? पहिली दोन सोडा. तिसरं, सहावं, आठवं, बारावं. ठोक्याला ठोका जुळतोय. फक्त दहावं अक्षर हलकं. याचा अर्थ उघड आहे. विद्या इथून तिथं जाताना वाटेत दहाव्यावर कुणीतरी चूक केली, आणि तीच चूक शेकडो वर्षं पाय आपटत चालू आहे. (कॉलेजात मी संस्कृतला पहिला आलो होतो. विद्यार्थी दोन होते, तो भाग वेगळा.)
वर्ग सुटल्यावर मॅडमना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, काका, दहावर पाय आपटा.
काका! मी त्रेपन्न.
घरी बायको कांदा चिरत होती. तिलाही सांगितलं. तिनं न बघता सुरीनं पाटावर ठोके दिले. तीन, सहा, आठ, दहा. आणि थांबली. म्हणाली, असं का? आता हिला हे कुठून ठाऊक? म्हटलं, तुझ्या लॅबमध्ये रक्तातल्या पेशी मोजणं वेगळं आणि मात्रा मोजणं वेगळं. म्हणाली, वेगळंच, पेशी वाद घालत नाहीत.

१३ जानेवारी, मंगळवार. सकाळी ६.००
संकल्प. रोज पहाटे पाऊण तास सराव. खंड नाही. सबबी नाहीत.
६.१५. खालच्या मजल्यावरचे मोजणीदार (भूमापन खात्यातून निवृत्त) बनियनवर वर आले. विचारलं, वर म्हैस बांधलीय का? म्हटलं, शार्दूल म्हणजे वाघ, हे वाघाच्या क्रीडेचं वृत्त आहे. म्हणाले, वाघ असता तर आवाज आला नसता.
६.२५. संकल्प स्थगित. शेजारधर्म.

१७ जानेवारी, शनिवार
दुसरा वर्ग. मॅडमनी हात वर केला आणि सगळ्या दहावर थांबल्या. हॉल चिडीचूप. त्या शांततेत माझे दोन ठोके. अकरा. बारा.
आरशात बारा चेहरे माझ्याकडे. डावीकडची दंतवैद्य तोंडावर हात धरून हलत होती. भारावली असावी.

२१ जानेवारी, बुधवार. ऑफिसमध्ये
मॅडमना चार पानी पत्र. विषय: दहाव्या ठोक्याबाबत. सोबत तक्ता. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात बावीस वर्षं दावे नाकारतोय. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, तथापि' असं एकदा मी लिहिलं की समोरच्याचं उत्तर येत नाही. मॅडमचंही येणार नाही.

२४ जानेवारी, शनिवार
उत्तर आलं नाही. मौन म्हणजे मान्यता.
मला शेवटच्या रांगेत उभं केलं. घराचा पायाही दिसेल असा कोणी बांधत नाही. हॉलमधला गाण्याचा स्पीकर एरवी डुगडुगतो, आज डुगडुगत नव्हता. वाकून पाहिलं तर एका पायाखाली माझं पत्र. चार घड्या. म्हणजे निदान उघडलं तरी होतं.

३१ जानेवारी, शनिवार
ऑफिसच्या बुटांना चांभाराकडून खिळे मारून घेतले. तो विचारत होता, साहेब, डोंगर चढणार का?
बाराव्या ठोक्याला निकाल लावायचाच अशा निश्चयानं पाय आपटला. पडलो नाही. जमिनीपर्यंत गेलो. दंतवैद्यबाईंचा पदर हाती आला म्हणून सावकाश पोचलो.
डावा घोटा सुजला. डॉक्टर म्हणतात, तीन आठवडे नाच बंद. फळीला ओल होती असा माझा अंदाज.

७ फेब्रुवारी, शनिवार
पेच. कागदावर नियम छापलाय: लागोपाठ दोन गैरहजेऱ्या झाल्या की जागा दुसऱ्याला. किंवा बदली माणूस पाठवावा.
बायकोला प्रतिनिधी नेमलं. काम एवढंच की जागा राखायची आणि टिपणं आणायची. रकाने आखून वही दिली. पायात काय घालू, म्हणाली. म्हटलं, बघ काहीतरी. तिनं पलंगाखालचं खोकं ओढलं. आश्चर्य म्हणजे ते बूट तिला बसले! चुकीची खरेदीही कधीकधी कामी येते.
रात्री ८. तोंड लालबुंद, अंबाडा सुटलेला, जिन्यावरून दोन दोन पायऱ्या चढत आली. वही कोरी. शेवटच्या पानावर एकच ओळ: 'दहावर थांबायचं.' टिपणं का नाहीत, विचारलं. म्हणाली, अहो, हात वर होते ना.
बेजबाबदारपणा. पण पहिलाच दिवस म्हणून समज देऊन सोडलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
टिपणं याही खेपेला नाहीत. सकाळची ड्यूटी करून दमलेली असते, तरी पावणेपाचला दारात तयार. माझ्यासाठी किती करते.

१८ फेब्रुवारी, बुधवार
घोट्याला पट्टी बांधून ऑफिसहून येताना जिन्यात मोजणीदार भेटले. म्हणाले, दुपारी तुमच्या घरातून हल्ली काय सुरेख वाजतं हो, आमची ही तर चहा घेऊन ऐकत बसते, सुधारलात बुवा.
आभार मानले. विश्रांतीतही कला पिकते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ९
घोटा ठणठणीत. जेवताना जाहीर केलं: शनिवारी मी रुजू होतोय, तुझी धावपळ संपली. तिचा वाढायचा डाव आमटीत थांबला. मग म्हणाली, बरं.
तेवढ्यात लेकीचा फोन. सगळं ऐकून म्हणाली, बाबा, तुम्ही आईला एकदा तरी विचारलंत का? म्हटलं, काय विचारायचं? म्हणाली, राहू दे, आईला द्या. दार लावून मायलेकी चाळीस मिनिटं बोलत होत्या. पाककृती असणार.
नंतर पाहिलं तर तिनं बुटांचं खोकं सुतळीनं बांधून कपाटावर टाकलं होतं, पार मागं. आवराआवरीची हौस तिला पहिल्यापासून.

२८ फेब्रुवारी, शनिवार
पुनरागमन. दारातच अकरा जणींनी एकदम विचारलं, त्या नाही आल्या? म्हटलं, मूळ प्रत आली आहे. कोणी हसलं नाही.
तीन आठवड्यांत वर्ग बराच भरकटलाय. हात एकीकडे, मान तिसरीकडे, मध्येच गिरकी. प्रतिनिधीनं टिपणं आणली असती तर ही वेळ आली नसती. मॅडमनी मला खुर्चीवर बसवून टाळ्यांचं काम दिलं. फ्लामेंकोत टाळीशिवाय पान हलत नाही म्हणे.

७ मार्च, शनिवार
टाळ्या काढून घेतल्या. कारण दिलं नाही. (बारावर दिली होती.)
आता खुर्ची सांभाळायची.
घरी बायकोनं विचारलं, काय शिकवलं आज? म्हटलं, गिरकी घेतल्यावर दोन पावलं मागं. म्हणाली, तीन. मग कपाटावर नजर टाकून कपड्यांच्या घड्या घालू लागली. मीही एक टॉवेल घेतला. घोटा दुखतोय म्हटलं. म्हणाली, कुठला? चुकून उजवा दाखवला.

११ मार्च, बुधवार
मॅडमचा फोन. अठ्ठावीसला कार्यक्रम, पुढच्या रांगेत एक जागा मोकळी राहतेय, काकूंना पाठवाल का? आणि माझं काय, विचारलं. मग म्हणाल्या, तुम्ही सल्लागार.
बढती! पुढची रांग कुणालाही मिळते, सल्ला सगळ्यांना जमत नाही.
बायकोला म्हटलं, ते खोकं जरा... वाक्य पुरं व्हायच्या आत ती स्टुलावर होती. सुतळी दातांनी तोडली.

२१ मार्च, शनिवार
सल्लागार या नात्यानं तालमीला गेलो. सल्ला कोणी मागितला नाही. खुर्च्या मोजल्या: ऐंशी.

२८ मार्च, शनिवार. रात्री ९
कार्यक्रम झाला. छापील पत्रिकेत पुढच्या रांगेत तिचं नाव, माझं शेवटी आभारांत. 'खुर्च्यांची व्यवस्था.' सल्लागार हा शब्द जागेअभावी गाळला असावा.
मी तिसऱ्या रांगेत. मागं मोजणीदार सपत्नीक. मनात योजना पक्की: शेवटी त्या सगळ्या दहावर थांबल्या की मी बाराला खणखणीत टाळी द्यायची. ऐंशी साक्षीदारांसमोर निकाल.
ती आली. काळी साडी खोचलेली, अंबाडा उंच. मला वाटलं होतं, शेजारणीकडे बघून करेल. शेजारणी हिच्याकडे बघत होत्या. तीन. सहा. आठ. फळ्यांतून तो आवाज माझ्या खुर्चीत येत होता. दहा.
थांबली. हात वर, हनुवटी वर, घामानं चमकणारा गळा. सरळ माझ्याकडे बघत होती. सव्वीस वर्षांत माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. माझे हात टाळीसाठी उघडलेले. अकरा गेला. बारा गेला. हात तसेच.
तेवढ्यात मागून मोजणीदार भर सभागृहात ओरडले, अगं, हे तर आपल्या वरचे पाय! वहिनींचे होय! आणि मी त्या माणसाला जिन्यात...
पुढचं टाळ्यांत ऐकू आलं नाही. बरंच झालं.

२९ मार्च, रविवार. सकाळी ७.१०
फ्रिजवर कागद. तोच चुंबक. पुढच्या वर्गाचा अर्ज, तिच्या अक्षरात भरलेला, सही केलेला. 'एकच जागा शिल्लक', खाली लाल दोन रेघा.
ती चहा गाळत होती. विचारलं, कुणाच्या नावावर घेतली? म्हणाली, माझ्याच की.
म्हटलं, बरं.
मग गाळणं माझ्या हातात देऊन ती बूट पुसायला बसली.
आनंदानं माणसाचे शब्द कमी होतात, असं मी कुठंसं लिहिलंय. पानं उलटून पाहिलं. ३ जानेवारी.
ते वाक्य खोडलं.