पाय धुवून आलेली माणसं

बिबवेवाडी, पुणे
ईस्टरचा सोमवार

प्रिय राजनंदिनी,

बिबवेवाडीहून हिंजवडीला पोस्टाने पत्र पाठवणारी सगळ्या पुण्यात मी एकटीच असेन. हसायचं तर हास. फोन का नाही केला, असं तू विचारशील. फोनवर माझं तोंड माझं ऐकत नाही. कुणी 'कशा आहात' म्हटलं की 'मजेत' असं आपोआप बाहेर पडतं, आणि मग पुढचं सगळं बोलणं त्या 'मजेत'शी जुळवून घ्यावं लागतं. जन्मभर वॉर्डात नर्स म्हणून 'काही नाही हो, बरं वाटेल' म्हणत फिरले, त्याची ही खोड. पण पेशंटच्या कागदावर खोटं लिहायची आम्हाला सक्त मनाई होती, आणि ती शिस्त हाताला अजून आहे. म्हणून कागद घेतला.

काल रॉबिन एकटाच आला. तुला ऑफिसचं काम होतं म्हणाला. ईस्टरच्या रविवारी कसलं काम, असं मी विचारलं नाही. माझ्या मुलाला खोटं बोलता येत नाही, लगेच कान लाल होतात. तुझ्या वाटणीचं मटण डब्यात दिलं होतं, वाटेत त्याने संपवलं नसेल तर मिळालं असेल. गुढीपाडव्यापासून तू आलेली नाहीस. त्याआधी दर शुक्रवारी संध्याकाळी तुझा फोन यायचा, 'आई, उद्या येऊ का?' आणि मी म्हणायचे, 'कशाला उगाच त्या ट्रॅफिकमध्ये!' तरी पुढच्या शुक्रवारी तू विचारायचीसच. पाडव्यानंतर ते विचारणं बंद झालं. का झालं ते मला माहीत आहे. पण त्या दिवशी जे घडलं त्याचं तू जे कारण धरून बसली आहेस, ते खरं नाही. खरं काय ते सांगायला बसले आहे. मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच, तेव्हा जरा दमाने वाच.

आधी इकडची खबर. रविवारची खिचडी चालू आहे. चर्चमधली मिस्सा झाली की आम्ही बायका पातेली घेऊन सरकारी दवाखान्याबाहेर उभ्या राहतो आणि पेशंटबरोबर आलेल्या लोकांना वाढतो, ते तू पाहिलंच आहेस. भाजी मार्केट यार्डातूनच येते, पण हल्ली मी जात नाही, खिचडीच्या गटातली शालू जाते. मी स्टुलावर बसून दुधी चिरते. बसून हात जास्त चालतो, असं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, तिथे वैजनाथ नावाचे एक म्हातारे गृहस्थ कठड्यावर बसले होते. बीडकडचे. बायको आत वॉर्डात. पत्रावळ पुढे केली तर म्हणाले, 'नको बाई, जेवलोय मी.' ओठ सुकलेले, नजर पातेल्यावर. उपाशी माणूस मला लांबून ओळखू येतो. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, 'बाबा, सगळेच तुमच्यासारखे नको म्हणायला लागले तर ही पळी घेऊन मी काय भिंतीला वाढू? घ्यायलासुद्धा माणूस लागतो.' बिचाऱ्यांनी निमूट पत्रावळ घेतली. शालू म्हणाली, 'फिलोमिनाबाई, प्रवचन फादरांना करू द्या, तुम्ही लोणचं वाढा.'

घरी येताना मला तुझी आठवण झाली, नाताळातल्या बायबल क्विझची. सासू-सुनांच्या जोड्या करायची टूम चर्चच्या सिस्टरांनी काढली आणि मला धडकीच भरली. माझी सून हिंजवडीच्या शेतकऱ्याची लेक, माहेरच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, तिला आमचे संदेष्टे आणि प्रेषित कुठून माहीत असणार? आणि तू म्हणालीस, 'आई, सिलॅबस किती आहे तेवढं सांगा.' कंपनीच्या बसमध्ये बसून तू बायबलमधली चारही शुभवर्तमानं वाचून काढलीस. वाहतूक कोंडीने कुणाचं भलं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून किती ज्ञानी माणसं आली, या प्रश्नाला सगळा हॉल 'तीन' म्हणून ओरडला, आणि तू उभी राहून म्हणालीस, 'भेटी तीन होत्या. माणसं किती, ते लिहिलेलंच नाही.' फादरांनी पानं चाळली आणि मुकाट्याने तुला गुण दिला. मी लहानपणापासून नाताळच्या गोठ्यात तीन पुतळे मांडत आले, हे कधी ताडून बघावंसं वाटलं नाही. शेवटचा प्रश्न तर आपल्या दोघींसाठीच काढलेला होता. शिष्यांपैकी कुणाचं लग्न झालेलं होतं, पुराव्यानिशी सांगा. तू म्हणालीस, 'पेत्राचं. त्याच्या सासूला ताप आला होता. आणि लग्न लागल्याशिवाय सासू कशी येणार?' हॉल हसून हसून बेजार. त्या बक्षिसाच्या कुकरमध्येच मी रोज भात लावते.

पण मला हॉलमधलं नाही, परतीच्या रिक्षातलं आठवलं. तू म्हणालीस, 'आई, येशूने हात धरला आणि त्या सासूचा ताप गेला, ते छानच. पण ताप उतरल्या उतरल्या ती उठून सगळ्यांचं करायला लागली, हे काय? बसा जरा, असं कुणी म्हणालं नाही तिला?' मी तुला समजावलं की अगं, तीच तिची आभार मानायची रीत. तू म्हणालीस, 'मला वाटतं तिला बसताच येत नसणार. तुमच्यासारखं.' तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

आता पवित्र गुरुवारचं सांगते. त्या संध्याकाळी येशूने शेवटचं जेवण घेतलं आणि त्याआधी कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून आमच्याकडे बारा जणांना वेदीपुढे खुर्च्यांवर बसवतात आणि फादर त्यांचे पाय धुतात. तुमच्याकडे लहानांनी मोठ्यांच्या पायाशी वाकायचं, आमच्याकडे त्या एका दिवशी गुरू शिष्याच्या पायाशी बसतो. इतक्या वर्षांत मी त्या बारांत कधी बसले नाही. पाणी कोमट करणं, टॉवेलांच्या घड्या घालणं, फरशी पुसणं, हे माझं खातं. तिथे उभं राहून मला एक गंमत कळली आहे, ती तुझ्या क्विझमध्ये कुणी विचारणार नाही. पाय धुवून घ्यायला येणारा प्रत्येक जण घरून पाय धुवून येतो! नुसता धुवून नाही, घासूनपुसून. चर्चमधले हिंमतराव तर नवे मोजे घालून येतात, आणि मोजा काढला की पावडरीचा वास थेट कॉयरपर्यंत जातो. फादर बिचारे चकचकीत पायावर दोन थेंब सोडतात आणि कोरडाच पाय पुसतात.

यंदाचे फादर नवीन, आपल्या रॉबिनपेक्षाही लहान. त्यांनी झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये बारा नावं वाचली, त्यात शेवटचं माझं. मी नाही म्हणायला गेले तर शालू मागून म्हणाली, 'घ्यायलासुद्धा माणूस लागतो ना?' माझंच बोलणं माझ्या पदरात पडलं. मग मी विचार केला, धुतात तो फक्त उजवा पाय, मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. उजव्याला हरकत नव्हती. तो मी घरी चांगला घासला, टाचेला व्हॅसलीन लावलं. डाव्यावर मोजा चढवला. तोही कसा, ते विचारू नकोस.

आता लिहूनच टाकते. थंडीपासून माझा डावा खुबा धरला आहे. पाय वर घेता येत नाही, खाली वाकून हात पोचत नाही. न्हाणीत वरून पाणी ओतते, तेवढीच त्या पायाची अंघोळ. नखं वाढून आत वळली आहेत, टाचेच्या भेगांत काळं साचलं आहे. पेशंटचे असे पाय पाहून मी नातेवाइकांना झापत असे, 'तुम्ही करता काय?' आणि माझा पाय तसा झाला तर मी साडी पायघोळ नेसायला लागले.

गुरुवारी मी बाराव्या खुर्चीवर बसले. फादर पहिल्या खुर्चीशी गेले, उजवा पाय धुतला, आणि मग डावा. मी दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं. तिथेही दोन्ही. हे फादर दोन्ही पाय धुतात! ते एकेक खुर्ची पुढे सरकत होते आणि मी देवाची प्रार्थना करत होते की पाणी संपू दे, वीज जाऊ दे, काहीही होऊ दे. पळून जावं तर खुब्यामुळे झटकन उठताही येईना. शुभवर्तमानातला पेत्र असाच अडून बसला होता, माझे पाय धुवू देणार नाही म्हणून. मला तो नेहमी नम्र वाटायचा. त्या खुर्चीवर बसल्यावर वाटलं, नम्र कसला, लाजला असेल.

ते माझ्यापाशी आले. उजवा झाला. डाव्याचा मोजा त्यांनी स्वतः काढला. मी पुटपुटले, 'फादर, तो राहू द्या.' त्यांनी एकदा पायाकडे पाहिलं, तोंडावरची रेषही हलली नाही. मागे वळून सिस्टरांना म्हणाले, 'गरम पाणी अजून आहे का?' आणि पाय मांडीवर घेऊन टाच, बोटांच्या बेचक्या, सगळं हाताने चोळून धुतलं. कॉयरचं गाणं संपलं, गाणाऱ्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून घेतलं, तेही संपत आलं. राजनंदिनी, मी रडले. सगळ्या चर्चसमोर, नाक ओढत. त्या बारा जणांत धुवायची गरज असलेला तो एकच पाय होता, आणि तोच मी मोज्यात लपवून नेला होता.

रोज झोपण्याआधी मी देवाचे आभार मानते, तू चेष्टा करतेस ती माझी यादी. आज लिफ्ट चालू होती, आभार. दूध नासलं नाही, आभार. त्यात तुझं नाव रोज असतं. लग्नात तुझे वडील, मच्छिंद्रराव, मला म्हणाले होते, 'पोरगी जरा फटकळ हाय, पर मायेची हाय, सांभाळून घ्या विहीणबाई.' सांभाळून घेतलंस तूच. पण हे मी देवाला सांगते, तुला कधी सांगितलं नाही. देवाचे आभार मानणं सोपं आहे, तो लगेच 'मग मी येऊ का मदतीला?' असं विचारत नाही.

पाडव्याला जेवणं झाल्यावर तू नेहमीसारखी नमस्काराला वाकलीस. दर वेळी मी तुझ्या डोक्यावर हात ठेवते, कपाळावर क्रूस काढते. त्या दिवशी मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि म्हणाले, 'राहू दे, आमच्यात नसतं हे.' तू अर्ध्यातच थांबलीस. मग उठून भांडी घासायला गेलीस. 'आमच्यात' हा शब्द तुला कुठे लागला असेल ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण खरं सांगायचं तर पाय दाखवावा लागला असता. धर्माचा त्यात काडीचाही संबंध नव्हता, पोरी. माझी नखं वाढली होती. तू वाकलीस आणि साडीची कड वर सरकत होती, एवढंच. तू आमच्यातली नाहीस तर मग कोण आहे?

या शुक्रवारी तू विचारायची वाट बघत नाही, मीच सांगते. शनिवारी ये. ट्रॅफिक असेल, तरी ये. खुबा कुठल्या डॉक्टरला दाखवायचा ते तू ठरव, मी हुज्जत घालणार नाही, निदान पहिले दोन दिवस तरी. येताना तुझ्याकडचा तो मोठा नेलकटर आण, माझा या नखांपुढे टिकत नाही. पाणी तापवून ठेवते, टॉवेल काढून ठेवते. उठून स्वयंपाकाला लागणार नाही, बसून राहीन. आधी नखं काप, आणि मग तुला वाटलं तर नमस्कार कर. पाय मागे घेणार नाही.

तुझीच,
आई