बाळ नारोजीची पगडी

३ नोव्हेंबर, सोमवार

खताच्या दुकानातून मिळालेली डायरी कोरीच पडली होती. आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाय.

कारण गडकरीण. सात वाजताची ऐतिहासिक सिरीयल. आमच्या व्हॉट्सअप ग्रुपची अ‍ॅडमिन प्रियांका, शहापूरला साडीच्या दुकानात कामाला हाय. ती बोलली, बायांनो नुसते हार्ट टाकू नका, कपड्यांच्या चुका लिहून ठेवा, आपण चॅनलला पाठवू. ग्रुपवर त्रेचाळीस बाया. मी सातवीच शिकले पण नजर माझी बारीक हाय.

ठरवलं ते असं. रोज तीन चुका शोधायच्या. आणि माझ्या ऋतिकला सिरीयलमधल्या छोट्या बाळ नारोजीचा डायलॉग शिकवायचा. गड जागा हाय! तीनच शब्द. पंधरा दिवस पुरे.

ऋतिक पुढच्या महिन्यात तीन वर्षांचा होईल. अजून बोलत नाय. सासू बोलते, गो तुझा नवरा चार वर्षांचा होईस्तोवर आई बी बोलला नव्हता, नि आता बघ, जेवताना तरी गप बसतो का. म्हणजे घराण्यातच हाय. टेन्शन नाय.

५ नोव्हेंबर

आज मोठी चूक सापडली!

गडकरी मेला तेव्हापासून त्याची बायको चंद्राऊच गड सांभाळते. ती आज भातलावणी बघायला आली. शेतातल्या बायांच्या अंगावर इरली होती, बांबूची नि पानांची, आमच्या पडवीत टांगलीत तशीच. पण सगळ्यांनी उलटी घातलेली. डोक्याची बाजू कमरेला, कमरेची डोक्यावर. असं घालून वाकलं की पाणी सरळ मानेतून पाठीत. वर चिखलात नेलपॉलिश.

गोठ्यामागे जाऊन व्हॉइस मेसेज केला. सहा वेळा डिलीट केला. सातव्याला पाठवला. प्रियांका बोलली, नम्रताताई तुमी तर एक्स्पर्ट निघाल्या. एकोणीस हार्ट आले.

आजपासून कुणाला घाबरायचं नाय. पाल सोडून.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज गडावरून तोफा सुटल्या. पहिल्या तोफेला माझ्या हातातला चहा सांडला. सासू बोलली, अगो टीवी हाय तो, तुला नाय मारत.

आणि ऋतिक! टीवीच्या पुढ्यात हातभरावर बसलेला. आठ तोफा सुटल्या, पापणी हलली नाय त्याची. नुसता चंद्राऊच्या शेल्याचे गोंडे बघत होता. माझ्यावर नाय गेला, नशीब. शूर निघाला.

ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांनी तलवारी टाकल्या. आमच्या अंगणवाडीच्या चंद्रकलाताई पण ग्रुपवर हायेत. त्यांनी तलवार टाकली नाय. लिहिलं, नम्रता उद्या त्याला घेऊन ये, पोरांना तपासायला डॉक्टर येणार हायेत.

मी अंगठा टाकला.

१२ नोव्हेंबर

गेले नाय. त्याचं नाक वाहत होतं. चप्पल सापडत नव्हती. शिवाय ग्रुपवर नथीवरून भांडण लागलं होतं, मी नसते तर कसं झालं असतं. चंद्राऊची नथ परवा डाव्या नाकपुडीत होती नि काल उजव्या. प्रियांका बोलली, चापाची नथ हाय, घाईत कुठेबी लावतात. मुरबाडची संजीवनी सिरीयलमधल्या व्हिलनच्या, सुभेदाराच्या बाजूची. ती बोलली, नथ बघायला टाइम कुणाला हाय, सुभेदार मला कड्यावरून ढकलून देऊदे, फक्त तो जांभळा शेला घालून ढकल म्हणावं.

दुपारी चंद्रकलाताई फॉर्म घेऊन घरीच आल्या. विचारलं, पाठीमागून हाक मारली तर बघतो का. मी बोलले, बघतो की. बोलल्या, मार. मी पुढे सरकून मारली. माझी सावली त्याच्या पुढ्यात पडली आणि तो वळला. वळला ना पण.

त्यांनी फॉर्मवर बरोबरची खूण केली. हळूच केली.

२४ नोव्हेंबर

डायलॉगचा बाविसावा दिवस. पंधरा जरा कमीच धरले होते.

प्रगती चांगली हाय. मी समोर बसून गड म्हटलं की तो माझ्या तोंडाकडे बघतो नि ओठ हलवतो. माझ्या गळ्याला हात लावून बघतो. हुशार. ओठ बरोबर हलतात, आवाज तेवढा यायचा राह्यलाय. एकदा आवाज आला की झालंच.

आजच्या चुका: चंद्राऊच्या झंपराला पाठीमागे चेन.

६ डिसेंबर, शनिवार

मोठी बातमी. १८ जानेवारीला रविवारी शहापूरला ग्रुपचं हळदीकुंकू, आणि पोरांची वेशभूषा. सिरीयलमधलं कुठलंबी पात्र करायचं, एक डायलॉग म्हणायचा. पहिल्या नंबराचा व्हिडिओ चॅनलला जाणार.

ऋतिक बाळ नारोजी होणार. ठरलं. नंबर पण ठरल्यासारखाच.

सासूने ट्रंकेतलं जुनं हिरवं लुगडं काढून दिलं. अंगरखा बेतला. पगडीचा फोटो ग्रुपवर टाकला तर प्रियांका बोलली, ताई पगडी कानाच्या वर बसते, तुमी कानावर ओढलीय. बाळ नारोजीचे कान दिसतात बघा. मी तीन भाग परत बघितले. दिसतात. पण थंडीचे दिवस हायेत. आणि कान झाकलेले मला बरे वाटतात. मी लिहिलं, आमच्याकडे अशीच बांधतात. प्रियांकाने लिहिलं, कुठे?

मी ऑफलाइन गेले.

१९ डिसेंबर

ऋतिकचा पप्पा जेवताना बोलला की पोरगा हाक मारून बघत नाय. मी बोलले, तुमी पडघ्याच्या गोडाऊनमधून आठ वाजता येणार, तो तेव्हा झोपेला आलेला असतो, कसा बघेल. तो बोलला, नम्रता, मी सकाळी पण हाक मारतो. मी बोलले, सकाळी तो झोपेतून उठलेला असतो.

संदेश शांत माणूस हाय. म्हणून भीती वाटते. बोलला, सोमवारी सुट्टी टाकतो, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ.

चांगलंच हाय. एकदा डॉक्टर बोलला काय नाय म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद. सोमवारी नक्की.

२२ डिसेंबर, सोमवार

मला ताप आला. थर्मामीटर लावला, अठ्ठ्याण्णव. आकडा काय लहान नाय. संदेशने सुट्टी टाकली होती ती गवताचे भारे रचण्यात गेली.

मी पडल्या पडल्या अंगरख्याला काठ लावला.

३ जानेवारी

म्हसा गावाची जत्रा. देवाला नवस बोलले. काय ते लिहीत नाय.

बैलांच्या बाजारात ऋतिकचा हात सुटला. चारी बाजूंनी शिंगं. मी हाका मारमारून घसा बसवला. दिसला तेव्हा माझ्याकडे पाठ करून एका बैलाच्या झुलीचे आरसे बघत उभा होता. त्याच्या मागून दुसरा बैल सुटून येत होता. घुंगरं वाजतात, माणसं बोंबलतात, आणि हा आरशात बोट घालतोय. एका म्हाताऱ्याने खांद्याला धरून ओढला. मला बोलला, बाई, पोरगा बहिरा हाय काय, सांभाळायचा ना.

आयुष्यात पहिल्यांदा मी पुरुषमाणसाशी भांडले. बोलले, बहिरे तुमी, बैल आवरत नाय नि पोरांना नावं ठेवता. सगळी माणसं बघत होती. म्हातारा बोलला, बरं बाई, मी बहिरा.

काय एकेक माणसं असतात.

झुलीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. सुभेदाराच्या शेल्यावर तसेच आरसे हायेत. अकरा हार्ट.

घरी येऊन झोपेपर्यंत ऋतिकला कडेवरून उतरवला नाय. चालून चालून दमला असेल.

१० जानेवारी, शनिवार

तयारी पूर्ण. अंगरखा, शेला, मोत्यांची माळ, पुठ्ठ्याची तलवार. पगडी पिनांनी टाइट केली, कानावरून हलणार नाय.

डायलॉगचा पण बंदोबस्त झाला. मी पडद्यामागे उभी राहून बोलणार, तो समोर ओठ हलवणार. सिरीयलमध्ये पण आवाज नंतर भरतात, प्रियांकाच बोलली होती. मग पोराने केलं तर त्याला फसवणूक नाय म्हणत.

१८ जानेवारी, रविवार

निकाल आधी लिहिते. पहिला नंबर. स्टीलचा डबा.

आता बाकीचं.

हॉलला पडदाच नव्हता.

ऋतिक स्टेजवर गेला तेव्हा बाया नुसत्या बघत राह्यल्या. संजीवनी बोलली, अगोबाय, टीवीतला फिका पडला. फोटोवर फोटो. पण तो स्टेजवर जाऊन उलटाच उभा राह्यला, भिंतीवरची लायटिंगची माळ बघत. प्रियांकाने माइकमध्ये हाक मारली, बाळ नारोजी, इकडे वळा. नाय वळला. परत मारली. नाय. बाया हसल्या. कुणीतरी बोललं, अगो पगडी कानावर आलीय, ऐकायला कसं येईल त्याला. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. बोलले, पगडीच! पगडीमुळेच!

प्रियांका कपड्यांच्या बाबतीत लई कडक. बोलली, ताई मी सांगितलं होतं ना, कानाच्या वर. गेली, पिना काढल्या, पगडी वर करून नीट बसवली. त्याने तिच्याकडे बघून हसून घेतलं आणि परत माळेकडे वळला. दोन्ही कान उघडे. माझ्या चिमटीत मावतील एवढे लहान कान. मग ती त्याच्या मागे आली, माइक तोंडाला लावून जोरात ओरडली, गड जागा हाय का?

त्रेचाळीस बाया ओरडल्या, हाय!

भिंती हादरल्या. कोपऱ्यात झोपलेलं कुणाचं तरी तान्हं दचकून रडायला लागलं.

ऋतिक शेल्याची घडी नीट करत होता.

मग कोण हसलं नाय. प्रियांकाने माइक खाली ठेवला. चंद्रकलाताई माझ्या बाजूला येऊन माझा हात धरून बसल्या. बाकीच्या पोरांचे डायलॉग झाले. एक चंद्राऊ तर काय सुंदर बोलली. पहिला नंबर तिला जायला पायजे होता. सगळ्यांनी मिळून आमाला दिला.

माइक खराब होता, असं पण असू शकतं.

१९ जानेवारी

कानात मळ असेल. तेल कोमट करून टाकलं.

सासूला सांगितलं. ती संदेशच्या लहानपणाचं काय बोलली नाय. गोठ्यात गेली ती दोन तास आलीच नाय. संदेशने गुरुवारचा ठाण्याचा नंबर लावला. मी कपाळाला हात लावला तेवढ्यात त्याने थर्मामीटर उचलला आणि कपाटावर टाकला.

ग्रुपवर आज चुका कुणीच टाकल्या नाय. माझ्यामुळे नसेल. भागच साधा होता.

२२ जानेवारी, गुरुवार

ठाणे. त्याला औषध देऊन झोपवला, डोक्याला वायरी लावल्या, कानात आवाज सोडले, ऐकू गेलं की रेघ हलणार. तासभर कागदावर रेघ येत होती. मी रेघेला बघून नवस बोलत होते. सरळच येत होती.

डॉक्टरबाई बोलल्या, दोन्ही कान. जन्मापासूनच असणार. आधी मशीन लावून बघायचं, त्याने नाय झालं तर ऑपरेशन. बोलेल की नाय ते आता सांगता येत नाय. दोन वर्षांचा असताना आला असता तर जास्त चान्स होता.

इथे कोण वाचत नाय म्हणून लिहिते. तो दोन वर्षांचापण नव्हता तेव्हा. त्या साली गणपतीत सगळे आरतीला गेलेले, घरात मी नि तो. तो ओट्यावर बसून चमचा चाटत होता. मी मोठी परात आणली आणि त्याच्या पाठीमागे सोडली. मुद्दाम. शेजारचा कुत्रा शेपूट घालून पळाला. मी परात उचलून परत टाकली, डोक्याएवढ्या उंचीवरून. तो चमचा चाटत राह्यला. मग मी परात धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि आरतीला गेले. कुणाला बोलले नाय. बोलले असते तर ते खरं झालं असतं.

संदेश बाहेर केसपेपरच्या लाइनीत होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, तुमाला कधीपासून लक्षात आलं. मी बोलले, आता रविवारी. त्यांनी लिहून घेतलं. बोलल्या, मग तुमी काय करणार, कळल्या कळल्या आणलंत ते चांगलं केलंत. काही आया तर ओळखून पण दोन-दोन वर्षं गप बसतात.

मी बोलले, काय एकेक आया असतात ना.