तिचं वाक्य पुरं होईपर्यंत

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आईबापांना समजावून सांगायचं काम काही संपत नाही. उलट आता ते मोबाईलवर बघून भांडायला येतात. परवा आपल्या अंगणवाडीच्या पालकसभेत एका बापाला विचारायचं होतं, साडेतीन वर्षांचा मुलगा शंभरपर्यंत लिहीत का नाही. एकीला पोराच्या भुकेसाठी टॉनिक हवं होतं. पोरगं अंगणात उड्या मारतंय, तरी हिचं आपलं 'खातच न्हाई' चालूच. पहिल्या वर्षानंतर वाढीचा वेग कमी होतो, भूकही कमी-जास्त होते, हे मी किती वेळा सांगितलं असेल? तुम्ही चिडत नव्हता. मी चिडते.

खरं सांगायचंय ते एका मुलीबद्दल. तीही साडेतीन वर्षांचीच, पाटोद्याच्या अलीकडच्या वस्तीवरून अंगणवाडीत येणारी, अखंड बडबडी. दिवाळीनंतर ती बोलताना अडखळायला लागली. या वयात सांगायचं खूप असतं आणि जीभ मागं राहते. बहुतेकांचं आपोआप सुटतं. मी घरी जाऊन तिच्या आईला सांगितलं, तिला टोकू नका, तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, नुसतं ऐका. काही महिन्यांत कमी झालं नाही, किंवा बोलताना ती तोंड ताणून जोर लावायला लागली, तर डॉक्टरांकडं मी स्वतः सोबत येते. आईनं मान डोलावली. पुढच्या आठवड्यात आजी पोरीला नारायणगडाला नेऊन नवस बोलून आली. त्याला माझी ना नव्हती. पण घरात शब्दाशब्दाला 'नीट बोल' सुरू होतं. पाहुणे आले की तिला उभं करून नाव सांगायला लावायचे, अडकली की पुन्हा पहिल्यापासून. मी तिसऱ्यांदा गेले तोवर पोरीनं बोलणंच सोडलं होतं. तहान लागली की माठाकडं बोट दाखवायची.

"ताई, लोकं तोतरी म्हनतेत तिला," आई म्हणाली. "उद्या लग्न कसं व्हायचं तिचं?"

साडेतीन वर्षांच्या पोरीचं लग्न! मी चपला घालून निघाले. वाटेत तुमचं बोलणं आठवलं. मी तुमच्या हाताखाली नवीन असताना एका आईला सगळ्यांसमोर म्हणाले होते, तुमचं पोर मागं आहे. तुम्ही मला खिचडी शिजत होती तिथं बाजूला नेलंत आणि हळूच म्हणालात, "सांगणं सोपं असतं म्हणून तू सांगत सुटतेस. तिला इथं बसव आणि बघू दे."

म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्या आईला सकाळभर अंगणवाडीत बसवलं. एक जण 'गाडी'ला 'दाडी' म्हणत होता, एक पोरगी 'मग, मग, मग' करत गोष्ट ओढत होती, एकानं फक्त ताटली बदलली म्हणून जमिनीवर लोळण घेतली. आई बघत राहिली. "ही बी अडखळती की," ती पुटपुटली. समजावून सांगायचा मोह मी मोठ्या कष्टानं आवरला. तिची मुलगी मात्र तीन दिवस गप्पच. चौथ्या दिवशी मातीचा गोळा थापून ती आईसमोर येऊन उभी राहिली. "आई, मी भ, भ, भ..." आईचे ओठ हलले. मी तिचं मनगट धरलं. पोरगी थांबली, तिनं पुन्हा सुरुवात केली. "भ, भाकर केली."

"व्हय? दाव बरं," आई म्हणाली. एवढंच. पोरगी दुसरी भाकर करायला पळाली. अजून अधूनमधून अडकते, पण बोलते. घरीही आता तिला बोलू देतात.

हल्ली प्रत्येक पालकसभेत मी नाव न घेता ही गोष्ट सांगते आणि आईबापांच्या घाईवर तोंडसुख घेते. एक मात्र गाळते. दिवाळीनंतर मी मोबाईलवर मुलांची माहिती भरत बसले होते, तेव्हा ती पोरगी मला काहीतरी सांगायला आली आणि अडकली. मान वर न करता मी म्हणाले, "आधी नीट बोल, मग ये." तिची आई तिला न्यायला दारात उभी होती. तिनं ते शब्द माझ्याकडूनच उचलले, बाई. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्ही हयात असतात, तर हे पत्र तुमच्याही हाती दिलं नसतं.